काटा खाली आला तेव्हा

साखरपा मागे पडलं आणि आंबा घाटाची चढण लागली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. मे महिन्याचं ऊन. रत्नागिरीहून कोल्हापूरला परतत होतो. गाडीत आई, आण्णा, माझी नऊ वर्षांची मुलगी, डिकीत हापूसच्या चार पेट्या आणि एसी पूर्ण लावलेला. पुढे एक भरलेला ट्रक रांगत होता आणि वळणं अशी, की त्याला ओलांडता येईना. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पंधराएक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात तापमानाचा काटा मधली खूण सोडून वर गेलेला मला दिसला. दिसला, हे मी कबूल करते. घाटात थांबायला जागा नव्हती हेही खरं, पण मी थांबले नाही त्याचं कारण ते नव्हतं. वर आंब्याला पोचलो की चहाला थांबू, तेव्हा बघू, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

काटा लाल पट्टीला टेकला. आणि मग दोनेक मिनिटांनी तो आपोआप खाली यायला लागला.

मला इतकं हायसं वाटलं, की मी मोठ्याने म्हणाले, "उतरला बघा."

शेजारी बसलेल्या आण्णांनी काट्याकडे पाहिलंच नाही. ते वास घेत होते. गुऱ्हाळाजवळून जाताना येतो तसा गोडसर, गरम वास एसीच्या जाळीतून आत येत होता. "गाडी बाजूला घे आणि बंद कर," ते म्हणाले. "जागा बघत बसू नको. आत्ता बंद कर."

तो काटा का उतरला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून मी ते भेटेल त्याला सांगत सुटले आहे. काटा इंजिन मोजत नाही. तो इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगतो. सेन्सरचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असतं, म्हणून तो खरं बोलतो. कूलंट निघून गेलं की ते टोक नुसत्या वाफेत आणि हवेत लोंबकळतं. धातू तापतच असतो, पण त्याची खबर टोकापर्यंत नेणारं पाणी उरलेलं नसतं. काटा खाली येतो. ज्या क्षणी मी "उतरला बघा" म्हणाले, त्या क्षणी इंजिन कोरडं पडलं होतं.

बॉनेटच्या कडांतून वाफ येत होती. मागून आलेल्या एका टेम्पोतला पोरगा उडी मारून उतरला आणि पाण्याचा कॅन घेऊन धावत आला. भला पोरगा. आण्णा त्याच्या आडवे झाले. "आरं थांब, पानी मारू नगंस. कॅपलाबी हात लावू नगंस, भाजंल." पोरगा गोंधळला. गरम झालंय तर पाणी मारायचं नाही तर काय करायचं? आण्णांनी त्याला रस्त्याकडेच्या कठड्यावर बसवलं, त्याच्याच कॅनमधलं पाणी सगळ्यांना प्यायला दिलं आणि म्हणाले, "हे आपनच पिऊया. तिला तिचं निवू दे."

आण्णांनी चौतीस वर्षं फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, काढली. आधी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरच्या एका लहान कारखान्यात, मग शिरोलीच्या एमआयडीसीत. साचे करणारे मोल्डर म्हणून लागले आणि मोल्डिंगचे सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. उद्यमनगरनं एके काळी नदीकाठच्या उसाला पाणी पाजणारी ऑइल इंजिनं बनवली. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्यांतून ट्रॅक्टरचे, ट्रकचे, गाड्यांचे ब्लॉक आणि हेड, म्हणजे इंजिनाचं सिलिंडर असलेलं खोड आणि त्यावरचं झाकण, ओतले जाऊ लागले. आमच्या घरात भाकरी आली ती या ओतकामातून. आण्णांच्या शर्टांना जळक्या वाळूचा वास असायचा, आई तो धुऊनही जात नाही म्हणून कुरकुरायची. एवढं असून माझ्या स्वतःच्या गाडीच्या बॉनेटखाली काय आहे हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या घाटात कठड्यावर बसून आण्णा माझ्या मुलीला सांगत होते ते मी प्रथमच कान देऊन ऐकलं.

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस साच्यात ओततात तेव्हा तो साधारण 1,400 अंशांना असतो. ओतलं म्हणजे झालं असं नाही. साचा कधी फोडायचा, यात सगळी मेख. घाई करून गरम असतानाच फोडला, की पातळ भाग आधी निवतो, जाड भाग मागून निवतो, दोघं एकमेकांना ओढतात. कास्टिंग वाकतं, नाहीतर तडकतं. कधी तडा तेव्हा दिसतही नाही, मशीनवर गेल्यावर दिसतो. "निवनं हेबी कामच असतंय," आण्णा तिला म्हणाले. तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं कुणी वेळेआधी साचा फोडणं होतं.

तासाभरानं घाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गॅरेजमधला माणूस मोटारसायकलवरून आला. त्यानं फडकं धरून रेडिएटरची कॅप काढली, पाच लिटरच्या वर पाणी आत ओतलं आणि मला म्हणाला, "मारा सेल." आण्णा नको म्हणायच्या आत मी चावी फिरवली. गाडी एका दमात चालू झाली. आवाजही नेहमीसारखा. "काय नाय झालं," तो म्हणाला, "पाणी बघत बघत जावा कोल्हापूरपर्यंत." मला तेच ऐकायचं होतं. मी तर आईला बसायलाही सांगितलं.

तेवढ्यात मुलगी मागून ओरडली, "आई, ढग येतोय!"

सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत होता. हिवाळ्यात सकाळी निघते तशी विरून जाणारी वाफ नाही, मे महिन्याच्या दुपारी रेंगाळणारा दाट पांढरा धूर, त्याच गोड वासाचा. आण्णांनी हात आत घालून स्वतःच चावी बंद केली. क्रेनवाल्याला फोन लावला. आम्ही तिघी एसटीनं आलो, आण्णा क्रेनच्या केबिनमध्ये बसून गाडीबरोबर आले. त्या गॅरेजवाल्याचा मला राग येतो, पण तितकाच माझाही येतो. गाडी चालू झाली म्हणजे ती बरी आहे, यावर आम्हा दोघांचाही विश्वास होता.

उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे गाडी नेली ते आण्णांच्या ओळखीचे. पन्नाशीतले, कमी बोलणारे. मी पोचल्या पोचल्या विचारलं, "काय झालं असेल?" ते म्हणाले, "ताई, मोजल्याबिगर काय सांगू?" आणि त्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं, वरवर पाहिलं आणि मिटवून टाकलं. रात्रभर निवू दिलं. मला तो वेळकाढूपणा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी ऑइलची काडी ओढली. पाणी ऑइलमध्ये मिसळलं असेल तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. आमचं काळंच होतं, पण करपलेल्या वासाचं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी पिवळट साय होती. ती बघून मी घाबरले, तर ते म्हणाले की रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांच्या झाकणाला ओलाव्यानं एवढी साय धरतेच, तिच्यावरून निकाल द्यायचा नाही. मग चारही स्पार्क प्लग काढले. हे सेल मारायच्या आधी करायचं, हे महत्त्वाचं. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही. पाणी दबत नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. मी घाटात चावी फिरवली तेव्हा हे घडू शकलं असतं. मिस्त्रींनी क्रॅंकच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं सावकाश दोन फेरे फिरवलं. कुठे अडकलं नाही. पिस्टन तापून फुगले आणि सिलिंडरला घासून चिकटले, की इंजिन सीझ होतं. तसं झालं नव्हतं.

चार प्लग फडक्यावर ओळीनं मांडले होते. तीन तपकिरी. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र पांढराशुभ्र, धुऊन काढल्यासारखा. मला तो सगळ्यात चांगला वाटला. मिस्त्रींनी तोच बाजूला काढला. वाफेनं धुतला गेलेला प्लग तो.

पुढचं सगळं मी स्टुलावर बसून पाहिलं, कॉलेजला दोन दिवस रजा टाकून. आधी रेडिएटरवर हातपंप लावून साधारण 15 पीएसआय दाब भरला. गार गाडीला काहीच गळत नव्हतं, पण दाब चढल्यावर रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला, जिथे ती ॲल्युमिनियमच्या जाळीला जोडलेली असते तिथे, एक थेंब जमला. मग दुसरा. दुखण्याचं मूळ तिथे होतं. साधं पाणी 100 अंशांना उकळतं. बंद आणि दाबाखाली असलं की 120 च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, पाण्यात निम्मं कूलंटचं द्रावण मिसळलेलं असेल तर आणखी वर. दाब धरणारी कॅप म्हणूनच असते. टाकीला चीर गेली, दाब सुटला, पाणी लवकर उकळायला लागलं आणि वाफ होऊन निघून गेलं. वर्षभर कूलंट कमी झालं की मी नळाचं पाणी ओतत आले होते. ते का कमी होतंय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते. प्लगच्या भोकात गेज बसवायचं, सेल मारायचा, आकडा लिहायचा. मिस्त्रींनी खडूनं फरशीवरच लिहिले: 170, 165, 120, 115. पहिले दोन सुदृढ, शेजारशेजारचे तिसरा आणि चौथा पडलेले. अशी शेजारची जोडी पडली, की हेड आणि ब्लॉकमधली फट बंद करणारी पातळ गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये जळाल्याचा संशय घ्यायचा. पण पडलेला आकडा पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्यामुळेही असू शकतो. म्हणून तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं. रिंगांतून गळत असेल तर ऑइल फट बुजवतं आणि आकडा चढतो. चढला नाही. म्हणजे रिंगा शाबूत. आण्णांनी तेव्हा पहिल्यांदा चहा मागवला.

एवढ्यावर हेड खोलायला हरकत नव्हती. तरी मिस्त्रींनी आणखी एक तपासणी केली, मला दाखवायला म्हणूनच बहुधा. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी, तिच्यात निळं पाणी. इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून कूलंटवरची हवा त्या निळ्या पाण्यातून ओढायची. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निळ्याचं पिवळं होतं. आमचं आधी हिरवं झालं, मग पिवळं. मी ते पाहत असताना आण्णा माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

खर्चाचं एकदा सांगून टाकते. नवा रेडिएटर, गॅस्केटचा संच, हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणारं फेसिंग, नवे बोल्ट, थर्मोस्टॅट, कॅप, होज, ऑइल, कूलंट आणि मजुरी मिळून 19,000 रुपये झाले. काटा वर जाताना थांबले असते तर रेडिएटरवर भागलं असतं. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला असता, तर पाणी संपायच्या आधी थोडी उष्णता तिकडून निघाली असती आणि थांबण्यापुरता वेळ मिळाला असता. हेही मला आता माहीत आहे.

हेड उतरवलं तो दिवस मला स्पष्ट आठवतो. बोल्ट बाहेरून आत अशा क्रमानं, थोडे थोडे करत सैल केले. गॅस्केट उचलली तर तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या अरुंद पट्टीवर काळा डाग, खाल्ल्यासारखा. सिलिंडरच्या भिंतींवर कारखान्यातल्या होनिंगच्या, म्हणजे घासाईच्या, जाळीदार रेषा मात्र तशाच होत्या, उभे ओरखडे नव्हते. मिस्त्रींनी बॅटरी मारून प्रत्येक सिलिंडर आण्णांना दाखवला आणि विचारलं, "मामा, ब्लॉक कुठला असंल वो हा?" आण्णांनी कडेच्या ओतखुणांवरून बोट फिरवलं. ते काही बोलले नाहीत, पण बोट बराच वेळ तिथे होतं.

आमच्या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोघांची जात वेगळी. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. 40 सेंटिमीटर लांबीचं हेड नेहमीपेक्षा 100 अंश जास्त तापलं तर सुमारे 0.9 मिलिमीटर वाढू पाहतं, खालचा ब्लॉक मात्र निम्माच. हेड तर दहा बोल्टांनी खाली आवळलेलं. लांब व्हायला जागा नाही, मग ते मधोमध उचलतं. आण्णांना हे समजावून सांगावं लागलं नाही. ओतकामात पॅटर्न करताना फुटपट्टीच वेगळी वापरतात, धातू निवताना आकसणार तेवढी मोठी. बिडाला साधारण शंभरात एक, ॲल्युमिनियमला थोडी जास्त. आयुष्यभर ते धातूच्या या वाढण्या-आकसण्याचा हिशेब करत आले होते.

हेड उलटं करून मिस्त्रींनी सरळ पोलादी पट्टी त्यावर उभी ठेवली आणि खालून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या ठराविक जाडीच्या पात्यांपैकी एक, पाती सरकवली. लांबीला दोन ठिकाणी, रुंदीला दोन, कोनाकोनी दोन. पुस्तकाप्रमाणे 0.05 मिलिमीटरच्या वर फट चालत नाही. 0.05 ची पाती सरळ आत गेली. 0.10 चीही गेली. 0.12 ची अडली. माणसाचा एक केस साधारण 0.07 चा. दीड-दोन केसांएवढा बाक, आणि तेवढ्यानं गाडी रस्त्यावर बसली होती.

बाक असला तर फेसिंग मारता येतं. चीर असली तर येत नाही. म्हणून आधी लाल रंग. हेड रसायनानं स्वच्छ केलं, लाल द्रव फवारला, दहा-पंधरा मिनिटं ठेवला, पुसून काढला आणि वरून पांढरी भुकटी फवारली. चिरेत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्यांवर बसतात त्या सीटांमधली पट्टी सगळ्यात नाजूक, चीर जाते ती बहुधा तिथेच. आणि तिसऱ्या सिलिंडरच्या त्याच पट्टीवर एक बारीक लाल रेघ आली.

कुणी काही बोललं नाही. मिस्त्रींनी ती जागा ब्रशनं घासली, कार्बनचा थर खरवडला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. पुन्हा ती पंधरा मिनिटं. शेजारच्या लेथचा आवाज येत होता. या वेळी रेघ उमटली नाही. कार्बनच्या थरालाच भेग होती. तरी त्यांचं समाधान झालं नाही. हेडाची पाण्याची भोकं पट्ट्या लावून बंद केली, आत हवा भरली आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं, कारण काही चिरा धातू गरम झाल्यावरच तोंड उघडतात. आम्ही तिघे टाकीवर वाकून बुडबुड्यांची वाट पाहत होतो. एकही आला नाही.

इथे बहुतेक गॅरेजांत काम पुढे जातं. आण्णांनी मात्र एक हट्ट धरला. ॲल्युमिनियमच्या हेडाला बळ येतं ते उष्णतेच्या संस्कारातून: 500 अंशांच्या वर तापवायचं, एकदम निववायचं, मग 150 ते 200 च्या दरम्यान बराच वेळ ठेवायचं. पुढे कधी ते 200 अंशांहून जास्त तापलं, तर हे कमावलेलं बळ उतरतं. हेड दिसायला तसंच राहतं, पण मऊ पडतं. मऊ हेडाला कितीही सुंदर फेसिंग मारलं तरी बोल्ट आवळले की ते पुन्हा दबतं, आणि सहा महिन्यांत गॅस्केट पुन्हा जाते. बिडाचं कास्टिंग असतं तर आण्णांनी हातोडीनं वाजवून पाहिलं असतं. खणखणीत वाजलं तर अखंड, बद्द वाजलं तर तडकलेलं. "ॲल्युमिनियम असं बोलत नाही," ते म्हणाले. त्यांनी हेड पोत्यात गुंडाळलं, माझ्या भावाच्या स्कूटरवर पुढे ठेवलं आणि जुन्या कारखान्याच्या लॅबमध्ये नेलं. तिथे पोलादी गोळी ठराविक भारानं दाबून तिचा खड्डा मोजतात. तीन ठिकाणी मोजलं. संध्याकाळी आण्णा परतले तेव्हा त्यांनी आकडे एका बिडीच्या कागदाच्या पाठीवर लिहून आणले होते. तिन्ही जवळजवळ सारखे, आणि पुरेसे. मी नंतर आईकडून ऐकलं, की निवृत्तीनंतर आठ वर्षांत ते पहिल्यांदाच त्या फाटकातून आत गेले होते, आणि जुन्या भट्टीपाशी जाऊन उभे राहिले होते.

फेसिंग दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. हेड आलं ते आरशासारखं नव्हे, बारीक एकसारख्या रेषांचं, करड्या रंगाचं. मिस्त्रींनी ते बाकावर ठेवलं, पट्टी आणि 0.05 ची पाती काढली आणि आण्णांकडे दिली. आण्णांनी चष्मा वर-खाली केला, पाती बोटांत धरून पाहिली आणि माझ्या हातात दिली.

"तू बघ. माझं बोट आता थरथरतंय."

मी पट्टी हेडावर उभी केली. मिस्त्रींनी तिचा कोन किंचित सुधारला. पाती इतकी पातळ, की बोटात असल्याचं जाणवत नव्हतं. लांबीला एका कडेपासून सुरुवात केली. पाती टेकली आणि वाकली, आत गेली नाही. दुसरी कड. रुंदीला दोनदा. मग कोनाकोनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, थांबत थांबत, तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर तर तीनदा. आण्णा वाकून माझ्या हाताकडे बघत होते.

"जातीय का कुठं?"

"नाही आण्णा."

"परत एकदा बघ."

मी परत पहिल्या कडेला पट्टी लावली.